एक किलोचा लॅपटॉप खरंच एक किलोचा असतो का?

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांचं ऑफिस पाठीवर असतं. इंदूरहून भोपाळला ऑडिटसाठी जाणारे, बेळगावहून बेंगळुरूला ट्रेनिंग घ्यायला जाणारे, गाडीत बसून रिपोर्ट पूर्ण करणारे. असा माणूस दुकानात गेला, की विक्रेता लॅपटॉप हातात देतो आणि म्हणतो, "बघा, किती हलका!" आपण उचलतो, खूश होतो आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. गंमत अशी, की हलकेपणासाठी आपण जास्त पैसे मोजतो आणि तो हलकेपणा बॅगेत टिकतोच असं नाही.

आधी वजन. जाहिरातीतलं वजन फक्त मशीनचं असतं. एम-वन मॅकबुक एअर १.२९ किलोचा, तर एलजी ग्रामचं १४ इंची मॉडेल ९९९ ग्रॅमचं. पण पाठीवर चार्जर, त्याची जाड वायर, माउस आणि प्रोजेक्टरला जोडायचा अडॅप्टरही असतो. समजा, एक किलोच्या लॅपटॉपला स्वतःचा वेगळा चार्जर लागतो आणि तो वायरसकट ३५० ग्रॅम भरतो. दुसरा लॅपटॉप सव्वा किलोचा आहे, पण फोन ज्या छोट्या टाइप-सी चार्जरवर चालतो त्यावरच चार्ज होतो. आता हलका कोणता? दुसरा!

इथे एक खाच आहे. फोनच्या चार्जरवर ८० वॅट लिहिलेलं असलं, तरी तो वेग बऱ्याचदा त्याच कंपनीच्या फोनपुरता असतो. लॅपटॉपला त्यातून फारच कमी वीज मिळू शकते. म्हणून 'यूएसबी पॉवर डिलिव्हरी, ४५ किंवा ६५ वॅट' असं स्पष्ट लिहिलेलं आहे का, ते पाहा.

दुसरी गोष्ट बॅटरी. '१८ तास चालते' हे वाक्य सोडून द्या आणि वॅट-अवरचा आकडा विचारा. हिशेब सोपा आहे: बॅटरी ५० वॅट-अवरची आणि टायपिंग करताना लॅपटॉप ७ वॅट खात असेल, तर सात तास. त्याच लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल सुरू केला आणि खप १५ वॅटवर गेला, तर जेमतेम सव्वातीन तास. शिवाय दोन-तीन वर्षांनी बॅटरीची क्षमता घटते. ती ८० टक्क्यांवर आली, की हातात उरतात ४० वॅट-अवर. वजन कमी करताना कंपनीने बॅटरीच छोटी केली असेल, तर तुम्ही पॉवर बँक घ्याल आणि वाचवलेले ग्रॅम परत बॅगेत येतील.

गाडीत प्लग असतो, असं कोणी म्हणेल. पण २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेने रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं ठरवलं. तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर बॅटरी तपासल्याशिवाय पैसे देऊच नयेत. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग एक स्पेस, स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही आकडे समोर येतात.

तिसरी गोष्ट, तुम्ही बसता कुठे? खिडकीशेजारी २५० निट्सची स्क्रीन आरशासारखी दिसते, ४०० निट्स असतील तर काम निभावतं. उन्हाचंही तसंच. मॅकबुक एअरसाठी ॲपलने वापराचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस दिलं आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पंखा नसलेला लॅपटॉप अशा वेळी स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यात बिघाड काहीच नसतो, पण आपलं काम मात्र रखडतं.

चौथी गोष्ट रॅम. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुतेक वेळा बोर्डवरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. पाच वर्षं वापरायचा असेल, तर १६ जीबी आत्ताच घ्या. आणि तुमच्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती मिळते का, हेही आधी विचारा. छोट्या गावात राहणाऱ्याला याचं मोल ५० ग्रॅमपेक्षा जास्त.

मग ठरवायचं कसं? तुमचा सगळ्यात धावपळीचा दिवस आठवा. त्या दिवशी प्लगशिवाय किती तास गेले, त्यातले व्हिडिओ कॉलचे किती, हे कागदावर लिहा. मग भरलेली बॅग वाण्याच्या काट्यावर ठेवा. हे दोन आकडे घेऊन दुकानात जा. विक्रेत्याने लॅपटॉप हातात दिला, की म्हणा, "चार्जरही द्या, दोन्ही एकदम उचलून बघतो."