तेंदूपत्त्याच्या मुलखातलं कॉलेज

आमगाव सोडलं की हावडा मार्गावरची पॅसेंजर धानाच्या बांध्या मागं टाकत जंगलाकडं निघते. धानोली, मग सालेकसा; दरेकसा ओलांडलं की पुढं छत्तीसगड. मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हाही हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्राच्या या ईशान्य टोकाला, सालेकशाला, गोंदिया शिक्षण संस्थेचं एम. बी. पटेल महाविद्यालय आहे.

एम. बी. पटेल म्हणजे मनोहरभाई. विडीच्या व्यवसायातल्या या माणसानं 1958 साली संस्था उभी केली. विडीला लागतं तेंदूचं पान, आणि ते येतं अशाच जंगलांतून. जंगलातून गेलेल्या पानाची थोडी तरी परतफेड इथं कॉलेजच्या रूपानं झाली.

या भागातल्या विद्यार्थ्यांचं वर्षही जंगल आणि शेतीच ठरवतात. जुलैत प्रवेश आणि धानाची रोवणी एकदमच येतात. गैरहजेरीचा शेरा पुष्कळदा आळसाचा नसतो, बांधीतल्या चिखलाचा असतो. उन्हाळी परीक्षांच्या दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे अंधारात घर सोडायचं, ऊन तापायच्या आत पानं तोडायची, सावलीत बसून 70-70 पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. त्या मजुरीतून घर चालतं, फीही निघते. पुस्तक उघडायचं ते त्यानंतर.

हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरायची, तोंडं शिवायची, नाल्यात थरावर थर रचून वनराई बंधारा घालायचा. शहरातल्या मुलांना हे शिकवावं लागतं. इथल्या मुलांचे हात घरूनच तयार होऊन येतात.

मनोहरभाईंच्या जयंतीला, 9 फेब्रुवारीला, गोंदियात गुणवंतांना सुवर्णपदकं मिळतात. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण घरी गोंडी, पोवारी नाहीतर छत्तीसगडी बोलणारं, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेलं पोर मराठीत पेपर लिहून पदवी घेतं, ती कामगिरी कुठल्या पदकात मोजायची?

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला आणि समाजकार्याला श्रेयांक आहेत. सालेकशाला त्यासाठी विषय शोधत फिरायची गरज नाही. दरेकशाजवळच्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला कित्येक राज्यांतून गोंड भाविक येतात. गोंडी गाणी, पोवारी म्हणी, धानाची जुनी वाणं, रानभाज्या हे सगळं घरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. प्राध्यापकांनी मुलांना हेच लिहून आणायला सांगावं आणि त्याचे गुण मोकळ्या हातानं द्यावेत. मोठ्या शहरातल्या नामवंत कॉलेजांना हे काम जमणार नाही, सालेकशाला जमेल.