चौथ्या आवृत्तीने पाडलेली फूट

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा कल्पनारम्य भूमिकाखेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. नव्या आवृत्तीवर सर्वाधिक वादंग माजले ते जून २००८ मध्ये, चौथ्या आवृत्तीच्या वेळी.

तोवर लढवय्याने तलवार चालवायची, वीस बाजूंचा फासा टाकायचा. करामती सगळ्या जादूगाराच्या वाट्याला. नव्या नियमांनी लढवय्यालाही डावपेच दिले: काही केव्हाही वापरायचे, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदाच. उदाहरणार्थ, एकाच घावात समोरच्याला मारून शेजारच्यालाही इजा करायची. अंतरे फुटांऐवजी चौकोनांत मोजली जाऊ लागली. 'हा तर कॉम्प्युटर गेम झाला,' अशी ओरड झाली. नोम ही बुटकी जमात खेळाडूंच्या पहिल्या पुस्तकातून थेट राक्षसांच्या पुस्तकात गेली, हे तर अनेकांना फारच झोंबले!

तक्रारींत तथ्य होते, पण लढवय्याला न्याय मिळाला तो याच आवृत्तीत.

जुने नियम २००० पासून खुल्या परवान्याखाली होते. त्यांच्याच आधारे पायझो या प्रकाशनसंस्थेने ऑगस्ट २००९ मध्ये 'पाथफाइंडर' बाजारात आणला आणि नाराज मंडळी तिकडे वळली. मूळ खेळाची मालक 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' शहाणी झाली. पाचव्या आवृत्तीचा मसुदा तिने २०१२ पासून खेळाडूंकडूनच तपासून घेतला. ती आवृत्ती २०१४ मध्ये आली. नोम खेळाडूंच्या पुस्तकात परतले होते.