पायाखालच्या पाण्याची राखण

ग्वाल्हेरच्या झाशी रोडलगतच्या हरिशंकरपुरमसारख्या वसाहती असोत की जुना लष्कर भाग, शहराची तहान मुख्यतः तिघरा धरण भागवतं. शिंदे संस्थानानं सांक नदीवर १९१६ साली हे धरण बांधलं. त्याला अभियंते विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसवले होते, पुण्याजवळच्या खडकवासला धरणाला आधी बसवले तसेच. पाणी दुरून आयतं येऊ लागलं आणि पायाखालच्या पाण्याकडे दुर्लक्ष झालं. धरण आटायला लागलं की मात्र सगळ्यांना बोअर आठवतं.

या दुर्लक्षाचा पुरावा उघड्यावर वाहतो आहे. लष्कर भागातून जाणाऱ्या स्वर्णरेखा नदीला आता लोक सरळ नाला म्हणतात. वस्त्यांचं सांडपाणी नदीत उतरत गेलं. पुढे तिच्यात बोटी चालवण्याचं स्वप्न पाहून तळ आणि काठ सिमेंटनं बांधून काढले. पावसाचं पाणी मुरायची वाटच त्यामुळे बुजली, आणि घाण वाहायची थांबली नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे गेलं.

नदीचं तोंड धुऊन उपयोग नसतो. मैला उगमाशीच बंद नळात घ्यावा लागतो. जलालपूर आणि लाल टिपारा इथली शुद्धीकरण केंद्रं त्यासाठीच आहेत. पण घराचा पाईप गटारवाहिनीला जोडलेलाच नसेल, तर केंद्र कितीही मोठं असून काय कामाचं?

कचऱ्याचं गणित आणखी अवघड. ढिगातून पाझरणारा काळा रस खाली उतरला की विहिरी नासतात. पुण्याच्या कचऱ्यापायी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी हे वर्षानुवर्षं सोसलं. म्हणून २०१६ च्या नियमांनी भरावभूमीच्या तळाशी ९० सेंटिमीटर घट्ट मातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर आणि रस गोळा करायची सोय सक्तीची केली. भूजलाची सर्वांत वरची पातळी त्या मातीखाली किमान दोन मीटर असावी, अशी अटही त्यांत घातली.

घरापुरते नियम सोपे आहेत. भारतीय मानकानुसार शौचालयाचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा. माती बरेचसे जंतू अडवते, पण मैल्यातून तयार होणारं नायट्रेट पाण्याबरोबर थेट खाली जातं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं.

तेव्हा घरी बोअर असेल, तर त्याच्या केसिंग पाईपभोवती सिमेंटचा ओटा आहे का ते पाहा, आणि पावसाळ्याआधी व नंतर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.