केळीच्या बागा आणि परराष्ट्रधोरण

अमेरिकेच्या परराष्ट्रधोरणावर तेथील पुरोगामी टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा आहे की, लोकशाहीच्या रक्षणाची भाषा बोलणारे सरकार प्रत्यक्षात अनेकदा बड्या कंपन्यांचे हितसंबंध सांभाळते. आणि त्याचा दाखला म्हणून मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाचे उदाहरण हमखास दिले जाते. १९५२ साली तेथील निर्वाचित अध्यक्ष हाकोबो आर्बेंझ यांनी मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला, तेव्हा केळीचा व्यापार करणाऱ्या युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीची जमीनही त्यात गेली. कंपनीने करासाठी स्वतःच नोंदवलेली किंमत तिला भरपाई म्हणून, सरकारी रोख्यांच्या रूपाने, देऊ करण्यात आली. कर वाचवण्यासाठी कमी दाखवलेली ही किंमत आता तिच्याच अंगाशी आली आणि अमेरिकी सरकारने तिच्या वतीने सुमारे २५ पट रक्कम मागितली. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांच्या जुन्या वकिली पेढीने या कंपनीचे काम केले होते, तर त्यांचे बंधू ॲलन हे सीआयए या गुप्तहेर संघटनेचे प्रमुख होते. जून १९५४ मध्ये सीआयएने उभ्या केलेल्या बंडानंतर आर्बेंझ यांना पायउतार व्हावे लागले. यामागे कंपनीच्या नफ्यापेक्षा साम्यवादाची धास्ती अधिक होती, असे काही इतिहासकार मानतात. कारण कोणतेही असो, त्यानंतर ग्वाटेमालात १९६० ते १९९६ या काळात चाललेल्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, असा सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे.