शेवाळ बियांवांचून कसें वाढतें?

पावसाळा लागला म्हणजे विहिरीच्या पायऱ्या, पाटाच्या कडा आणि रोपांच्या वाफ्यांतील सावलीची जमीन हिरवी होते. ह्या सर्वांस आपण सरसकट शेवाळ म्हणतों. परंतु पाण्यांत तरंगणारें तंतूंचें शेवाळ निराळें आणि जमिनीवर मखमलीप्रमाणें उगवणारें निराळें. ह्या दुसऱ्यास शास्त्रज्ञ ‘हरिता’ किंवा मॉस म्हणतात. तिच्याच नात्यांतील, पण जमिनीस चिकटून चपट्या पात्यांनीं पसरणाऱ्या वनस्पतीस, पात्याच्या आकारावरून, ‘यकृतका’ असें नांव आहे.

वाफ्यांत ही माजली म्हणजे गडी ती ओल्यांतच खुरप्यानें खरवडतो व तेथेंच टाकतो. कांहीं दिवसांनीं पाहावें तों ती पूर्वीपेक्षां दाट! असें कां होतें हें समजल्यावांचून केलेला उपाय म्हणजे आपल्याच हातानें केलेली लागण होय. म्हणून त्याचें कारण येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या वनस्पतींस फूल नाहीं व बीं नाहीं. नरपेशी पाण्याच्या थरांतून पोहत मादीपेशीपर्यंत पोंचल्या, तरच संयोग होऊन पुढें धुळीसारखे सूक्ष्म बीजाणू तयार होतात. मर्केंशिया नामक यकृतकेंत नर व मादी झाडें वेगवेगळीं असतात. जोडीदार जवळ नसेल तर हा मार्ग बंद. तरी वंश खुंटत नाहीं. आपण ऊंस कांडीनें, केळ मुनव्यानें व हळद बेण्यानें लावतों. तीच युक्ति ह्या वनस्पतींनीं साधली आहे.

पहिला प्रकार तुकड्यांचा. यकृतकेचें पातें पुढें वाढतांना दुभागतें आणि मागचा जुना भाग कुजत जातो. कूज फाट्यापर्यंत आली कीं एकाचीं दोन झाडें झालीं. खुरपें हेंच काम क्षणांत करतें.

दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. मर्केंशियाच्या पात्याच्या वरच्या अंगास लहान वाट्या असतात. त्यांत बारीक हिरव्या टिकल्या वाढतात. वाटींत असेतों त्या रुजत नाहींत, कारण मातृवनस्पतीकडून येणारीं द्रव्यें त्यांस आवरून धरतात. पावसाचा टपोरा थेंब वाटींत पडला कीं त्या हात-दीड हात उडतात. टिकली कोणत्याही कुशीवर पडो, जे अंग मातीकडे असेल त्यांतूनच मुळांसारखे केस फुटतात, आणि दोन बाजूंच्या खांचांतून नवीं पातीं निघतात. नराच्या टिकलीपासून नरच व मादीच्या टिकलीपासून मादीच होते.

हरितेची रीत थोडी निराळी. तिच्या पानाचा वा देठाचा तुकडा ओल्या मातीवर पडला असतां त्यांतून हिरवा तंतु निघून जमिनीवर पसरतो व त्यावर ठिकठिकाणीं कोंब येतात. म्हणजे एका तुकड्यापासून अनेक झाडें! जपानांत उद्यानांसाठीं वाळलेल्या हरितेचा चुरा पसरून तिची मुद्दाम लागवड करतात.

आतां उपाय. खरवडून तेथेंच न टाकतां वरच्या पातळ मातीसह उचलून वाफ्यापासून दूर न्यावें. वाट्या दिसूं लागण्यापूर्वींच हें केल्यास उत्तम. झारीनें वरून पाणी शिंपडल्यास टिकल्या उडतात. तें रोपाच्या बुडाशीं हळू द्यावें, आणि सकाळीं द्यावें, म्हणजे सायंकाळपर्यंत माती वरून सुकते. पाण्याचा निचरा करावा व सांवली थोडी विरळ करावी. खत वरच पसरल्यास पहिला लाभ यकृतकेस होतो. म्हणून तें मातींत मिसळावें. कुंड्यांत मातीवर भाताच्या तुसाचा थर दिल्यास पृष्ठभाग कोरडा राहून तिला रुजण्यास जागा मिळत नाहीं.

मात्र बांधाच्या उतारावरील वा ओढ्याच्या दरडीवरील हरिता खरवडूं नये. तेथें ती उघडी माती धरून ठेवते आणि पावसाचा मार आपल्या अंगावर घेते. वाफ्यांत जी वैरीण, तीच बांधावर राखणदार. तेव्हां खुरपें उचलण्यापूर्वीं जागा पाहावी.