मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या

काळी वाळू, लाल ग्रह

१९७२मध्ये मरिनर ९ यानाच्या छायाचित्रांत प्रॉक्टर विवराच्या तळाशी काळा डाग दिसला. तो वाळूच्या टेकड्यांचा निघाला. वाळू बसाल्टची, सह्याद्रीच्या कातळाच्याच जातीची. लाल असते ती बारीक धूळ.

• बरखान : चंद्रकोरीसारखी टेकडी. वारा प्रामुख्याने एकाच दिशेने वाहतो, तिथे बनते. कोरीची टोकं वारा जातो त्या दिशेला. त्यामुळे कक्षेतून घेतलेलं एक छायाचित्रही वाऱ्याची दिशा सांगतं.

• चाल : हवेचा दाब पृथ्वीच्या जेमतेम १ टक्का, तरी टेकड्या सरकतात! मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरचा हायराइज कॅमेरा २००६पासून हे टिपतो आहे.

• सर्वांत मोठा पट्टा : उत्तर ध्रुवाच्या बर्फाभोवती. हिवाळ्यात गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडखाली झाकला जातो.