आठ तासांचं रेकॉर्डिंग सव्वा तासाचं कसं होतं?

रात्रभराच्या कीर्तनाचं लाइव्ह प्रक्षेपण कम्प्युटरवर सुरू आहे. सिस्टीमचा आवाज टिपणारं टूल चालू करून तुम्ही झोपलात. सकाळी आठ तासांची फाइल उघडली, तर प्लेअर दाखवतो फक्त 1 तास 14 मिनिटं!

थांबा, फाइल डिलीट करू नका. आवाज बहुतेक वेळा डिस्कवर शाबूत असतो. चुकलेली असते ती फक्त नोंद.

अशी बरीच टूल्स 'वेव्ह' फाइल बनवतात. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने 1991 मध्ये आणलेल्या या प्रकारात, आत किती डेटा आहे हे फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. त्यासाठी जागा 32 बिट्सची. म्हणजे 429 कोटी 49 लाख 67 हजार 295 बाइट्सपर्यंतच आकडा मावतो. पुढे मोजणी पुन्हा शून्यापासून, जुन्या स्कूटरच्या किलोमीटर काट्यासारखी.

सीडी दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला 1,76,400 बाइट्स खातो. भागाकार केला की उत्तर येतं 6 तास 45 मिनिटं 47 सेकंद. आठ तासांतून ते वजा करा, उरतो सव्वा तास. हिशेब जुळला.

प्रोग्रामरने ऋण आकडेही चालतील असा काउंटर वापरला असेल, तर मर्यादा निम्म्यावर येते. काही टूल्स सुमारे 3 तास 23 मिनिटांनी गडबडतात, ती यामुळेच. विंडोज 95 सुमारे 49.7 दिवस सलग चालल्यावर बंद पडायचं. तिथेही 32 बिट्सच भरायचे, फक्त मिलिसेकंदांनी. (तेवढे दिवस ते सलग चालायचं का, हा प्रश्न वेगळा.)

मग दुरुस्ती कशी? टूलमधला काउंटर 64 बिटचा करणं सोपं. पण फाइलमधली जागा 32 बिटचीच राहते. त्यामुळे मर्यादा गाठण्याआधी चालू फाइल बंद करून लगेच दुसरी उघडायची, किंवा युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा 'आरएफ 64' हा मोठ्या आकड्यांचा प्रकार वापरायचा. तपासायला सात तास बसायची गरज नसते. काउंटर मर्यादेजवळच्या आकड्यापासून सुरू केला की मिनिटभरात कळतं.

आणि तुमची ती फाइल? 'ऑडॅसिटी' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती 'रॉ डेटा' म्हणून इम्पोर्ट करा. 44,100 हर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ निवडा. रेकॉर्डिंग वेगळ्या सेटिंगवर केलं असेल, तर तेच आकडे द्या. सुरुवातीला बारीकसा 'टक्' ऐकू येईल, मग कीर्तन.